इव्हारीची आठ चाकं

माझं म्हणणं आजही तेच आहे. स्नोमोबाइलला चाकं वाढवली की खालच्या पट्ट्या कमी घासतात. यात वाद घालण्यासारखं काही नाही. गावात माझ्याबद्दल जे बोललं जातं ते बोलणाऱ्यांनी आधी माझी वही बघावी. प्रत्येक फेरीनंतर पट्टीची जाडी किती मिलिमीटर उरली, ते मी त्यात तारीखवार लिहून ठेवलंय. शेजारच्या तेन्होनं ती वही एकदा पूर्ण वाचली, मिटून माझ्या हातात दिली आणि मग मोरीत जाऊन हात धुतले. पण तेन्हो मुळातच भित्रा आहे.

मी आर्वो पोल्क्की, गावचा ग्रंथपाल. यंत्रांशी माझा संबंध पुस्तकांपुरता. आमच्याकडे तळ्यापलीकडे जायला हिवाळ्यात स्नोमोबाइल लागते म्हणून ती आहे, नाहीतर मी पायी चालणाऱ्यांतला माणूस. गाडीखाली रणगाड्यासारखा रबरी पट्टा फिरतो, आणि गाडीचा सगळा भार प्लॅस्टिकच्या दोन लांब पट्ट्यांवरून त्या रबरावर सरकत राहतो. मऊ हिम असलं की ते उडून आत जातं आणि प्लॅस्टिक गार राहतं. पण यंदा हिम पडलंच नाही. तळं मात्र नोव्हेंबरातच टणक गोठलं. दहा किलोमीटर नुसता काळा, कोरडा बर्फ. त्यावर गाडी घातली की तिसऱ्या किलोमीटरला प्लॅस्टिक जळल्याचा वास येतो, आणि पाचव्याला गाडी थांबते.

आता कोणी म्हणेल, मग जाऊ नये. पण मला जाणं भाग होतं. माझ्या बायकोची, राऊहाची, आत्या हिल्या त्या तळ्यातल्या बेटावर राहते. वय त्र्याऐंशी. गेल्या फेब्रुवारीत तिचे यजमान इव्हारी वारले आणि ती एकटी उरली. लगेच पालिकेच्या गृहसेवा विभागाचं पत्र आलं: ऐंशीच्या पुढची व्यक्ती, रस्ता नाही, एकटं राहणं, सबब आठवड्यातून दोनदा कोणी जाऊन पाहून येईल अशी लेखी हमी हवी. हिवाळाभरात दोन फेऱ्या चुकल्या, की त्या व्यक्तीची रवानगी शहरातल्या वृद्धसेवागृहात. तिथं तिच्यासाठी खोली राखून ठेवली आहे.

आत्यानं ती खोली पाहिली होती. खिडकी उघडत नाही आणि कॉफी घड्याळ बघून मिळते, असं तिनं सांगितलं. "तिथं मी वसंतापर्यंत टिकायची नाही," ती म्हणाली, आणि लगेच बटाट्यांची सालं काढायला लागली. ते ऐकताच मी हमीपत्रावर झोकात सही ठोकली. सही करताना माझ्या मनात फार उदात्त विचार होते. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा विचार नव्हता.

डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात गाडी भर तळ्यात चिकटून बसली. प्लॅस्टिक वितळून रबरी पट्ट्याच्या लोखंडी पकडींना घट्ट धरून बसलं होतं. मी चालत परत आलो. तेन्होनं त्याच्या गाडीनं माझी गाडी ओढून आणली, आणि तीही मुद्दाम दुकानासमोरून, जिथं त्या वेळी निम्मा गाव काचेआड कॉफी पीत असतो. कोणी हसलं नाही. आमच्याकडे लोक हसत नाहीत, नुसतं बघतात, आणि त्यापेक्षा हसलेलं परवडतं. शिवाय ती फेरी चुकली. आता आणखी एक चुकली की संपलं.

मग सल्ले सुरू झाले. तेन्हो म्हणाला, हिमाची बादली जवळ ठेव आणि दर किलोमीटरला पट्ट्याखाली ओत. मी विचारलं, हिमच नाही तर बादलीत काय ठेवू? तो म्हणाला, ते तुझं तू बघ, मी उपाय सांगितला. दुकानदारानं गाडीच्या काचेवर मारायचं पाणी नळीनं आत सोडायला सांगितलं. पाद्रीबाबा म्हणाले, सावकाश चालव, म्हणजे सगळं नीट होतं. राऊहा तेवढी शहाणी. तिनं सांगितलं, "जास्तीची चाकं लाव. भार चाकांवर गेला की प्लॅस्टिक कशाला घासेल?" हेच मी तिच्या आधी म्हणणार होतो.

शहरातल्या दुकानात चाकं नव्हती, फेब्रुवारीत येतील म्हणाले. मी वाहन तपासणी कार्यालयाला फोन लावून विचारलं, चाकं वाढवायला परवानगी लागते का. पलीकडच्या माणसानं विचारलं, चाकं जमिनीला टेकतात का? मी म्हटलं, नाही, रबरी पट्ट्याला आतून टेकतात. तो म्हणाला, मग ती चाकं नव्हेत. मी म्हटलं, ती गोल आहेत आणि फिरतात. त्यानं मला थांबायला सांगितलं, आणि मी चाळीस मिनिटं बासरी ऐकली.

पुढची फेरी मी ढकलायच्या बर्फखुर्चीवर केली. एका पायानं ढकलत जायचं, म्हातारी माणसं दुकानात नेतात तसली. जायला चार तास, यायला पाच. आत्यानं माझे पाय गरम पाण्यात ठेवले आणि माझं रडगाणं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शेडमध्ये इव्हारीची जुनी गाडी आहे. त्यानं आठ चाकं जास्त लावली होती. काढून ने. पण त्याला विचारून ने."

मी हसलो. ती हसली नाही. तेव्हा मी शेडमध्ये जाऊन, रीत म्हणून, हळूच विचारलं. नाही असं कोणी म्हटलं नाही, तेवढा होकार धरून मी पाना फिरवला. बोल्ट वर्षानुवर्षं गंजलेले असणार अशी माझी तयारी होती. एकूण एक बोल्ट बोटानं सुटला.

चाकं बसवायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी निघालो, आणि काय सांगू, गाडी नुसती तरंगत होती. वास नाही, धूर नाही. मध्येच गंमत म्हणून मी इंजिन बंद केलं, तर गाडी आपसूक पुढे जात राहिली, आणि खालून तळं गुणगुणत होतं. बर्फ आवळत असताना तळं असा आवाज काढतंच. बेटावर पोचून मी पट्ट्या मोजल्या. झीज फक्त एक दशांश मिलिमीटर. मी तो आकडा वहीत लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

परत निघालो तेव्हा अडीच वाजले होते. सूर्य रानामागे गेला होता आणि सगळीकडे तो निळा उजेड पसरला होता, ज्यात अंतर कळत नाही. किनारा सोडला आणि गाडीचं मागचं अंग खाली बसलं. कोणी मागे येऊन बसलं की बसतं तसं. मी वळून पाहिलं. सीट रिकामी. गाडीच्या पुढच्या दोन स्की हलक्या झाल्यामुळे ती नीट वळेना. तळ्याच्या मध्यावर एक खडकाळ टोक आहे, तिथं पाइनचं एक झाड आहे. त्या झाडाशी येईतो इंजिन धापा टाकायला लागलं, वास आला आणि गाडी थांबली. क्षणभर तसंच गेलं. मग मागचं अंग सावकाश वर उचललं गेलं. पुढे घरापर्यंत गाडी हलकीच आली. पट्ट्या दीड मिलिमीटर घासल्या होत्या.

एकदा झालं असतं तर मी विसरून गेलो असतो. पण जाताना हलकी, येताना जड, असं सलग पाच फेऱ्या झालं. दर दोन फेऱ्यांनी नव्या पट्ट्या. मी शास्त्रीय बुद्धीचा माणूस आहे. मागचं अंग नेमकं किती खाली बसतं ते मोजून मी गाडीवर रेघ मारून ठेवली होती, म्हणून अंगणात राऊहाला सीटवर बसवलं. तेवढं बसेना. पिठाची पोती ठेवली. बसेना. शेवटी तेन्होला बसवलं. बरोबर रेघेवर. तेन्हो ब्याण्णव किलोचा आहे.

पुढच्या फेरीत मी आत्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, इव्हारीकाकांचं वजन किती होतं. "ब्याण्णव," ती म्हणाली. "आजारात उतरलं होतं, नाहीतर शंभर."

त्या दिवशी मी परतीला मागे वळून पाहिलं नाही. मान आखडल्यामुळे.

तेन्होला सांगणं भाग पडलं. तो माझ्याबरोबर त्या टोकावर आला, झाडाभोवती एक चक्कर मारली आणि उभा राहिला. हे झाड म्हणजे इव्हारीचंच. आमच्या भागात जुनी चाल आहे. मयत घरून स्मशानात नेताना वाटेत एक झाड निवडायचं, त्याच्या फांद्या छाटायच्या आणि खोडावर मयताचं नाव नि साल कोरायचं. मेलेलं माणूस घरच्या ओढीनं परत निघालं, तर वाटेत आपलं नाव वाचतं, आपण मेलोय हे त्याला कळतं आणि ते मागे फिरतं. ही चाल जवळपास मोडली होती. इव्हारीच्या वेळी ती मी पुन्हा सुरू केली, कारण मीच ग्रंथालयात त्यावर व्याख्यान दिलं होतं. श्रोते सहा होते, त्यातले दोन ऊब घ्यायला आलेले. तरी व्याख्यान चांगलं झालं होतं.

"नाव कोणत्या बाजूला कोरतात, आर्वो?" तेन्होनं विचारलं.

"चर्चच्या बाजूला. स्मशानाकडून येणाऱ्याला दिसायला हवं."

"मग हे बेटाच्या बाजूला का आहे?"

मी पाहिलं. नाव खरंच बेटाच्या बाजूला होतं. फेब्रुवारीतली ती दुपार मला आठवली. चर्चकडून असा वारा सुटला होता की बोटं छिन्नीला चिकटत होती, आणि मी आडोसा म्हणून झाडाच्या दुसऱ्या अंगाला गेलो होतो. सगळे टोप्या काढून उभे होते. कोणी काही बोललं नाही, कारण यातलं मला कळतं असं सगळे धरून चालले होते.

तेन्हो हळू बोलायला लागला, जसं आजाऱ्याशी बोलतात. म्हणाला, "म्हणजे इव्हारी घरी आला तेव्हा त्याला वाटेत कोरं खोड दिसलं. तो सरळ घरी गेला. आता त्याला परत जायचंय, तर घराकडच्या बाजूनं आपलं नाव दिसतं आणि तो मागे फिरतो. तू त्याला घरात कोंडून ठेवलंयस, जावईबुवा. आणि वर त्याचीच चाकं लावून त्याला बसायला गाडी दिलीस."

इतका अपमान माझा आयुष्यात झाला नव्हता. आणि त्यात भर म्हणजे, मला त्याच्या बोलण्यात चूक सापडेना.

मी ठरवलं, रविवारी छिन्नी घेऊन यायचं आणि योग्य बाजूला नाव कोरायचं, जुनं तासून टाकायचं. इव्हारी सुटतील, गाडी सुटेल, फेऱ्या चुकणार नाहीत. आत्याच्या कानावर घालायला म्हणून मी शनिवारी गेलो. ती बशीतून कॉफी पीत होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि बशी खाली ठेवली.

"तू काही कोरायचं नाहीस," ती म्हणाली.

"आत्या, त्यांना जाता येत नाहीये."

"ठाऊक आहे मला. तुझी गाडी सुरू झाली की तो उठतो. जायला हवं, म्हणतो. साठ वर्षं हेच. कुठे जायचं असलं की तासभर आधी दारात. मग तासाभरानं बर्फावर पावलं वाजतात, आणि तो येऊन बसतो."

"तुम्हाला दिसतात ते?"

"आता मला दिसतं कुठे नीट? ऐकू येतो."

मी विचारलं, भीती नाही का वाटत. आत्यानं बशी पुन्हा उचलली. "त्या खोलीची वाटते," ती म्हणाली. "खिडकी उघडत नाही तिची. तो मला तिथं कसा सापडणार?"

आता माझी परिस्थिती बघा. नाव कोरलं तर इव्हारी जाणार आणि आत्या खरोखरीची एकटी पडणार. नाही कोरलं तर कधीतरी पट्ट्या वितळणार, एक फेरी चुकणार आणि आत्या शहरात जाणार. मी तीन रात्री झोपलो नाही. राऊहा झोपली, पण ती कुठल्याही परिस्थितीत झोपते.

तेवढ्यात पालिकेचं पत्र आलं. एक फेरी चुकल्याची नोंद झाली होती. शिवाय म्हातारी बाई दोन कप मांडते, असं कोणीतरी कळवलं होतं. सबब गृहसेवा विभागाच्या केम्पाइनेन बाई प्रत्यक्ष पाहणीला येणार होत्या. त्या आल्या, हातात फाइल, डोक्यावर कानटोपी, आणि गाडीला बांधलेल्या ओढगाडीत घोंगडी गुंडाळून माझ्या मागे बसल्या. जाताना सगळं सुरळीत. आत्यानं त्यांना आजची तारीख, पंतप्रधानांचं नाव आणि सातचा पाढा फटाफट सांगितला, वर माशाचं सूप वाढलं. कप मात्र तिनं चार मांडले. आम्ही तिघं होतो. बाईंनी कप मोजले आणि काहीतरी लिहिलं.

परत निघालो. किनारा सोडला आणि मागचं अंग खाली बसलं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, आजच्या दिवस नको हो, काका, आजच्या दिवस. झाडाशी गाडी थांबली. पट्ट्यांमधून धूर निघत होता. मागचं अंग वर उचललं गेलं आणि पाठीमागून केम्पाइनेन बाईंचा आवाज आला.

"त्यांना सोडायला नाही का जायचं?"

"कोणाला?"

"तुमच्या मागे बसलेले गृहस्थ. झाडाशी उतरले, खोडाकडे पाहिलं आणि चालत परत निघालेत. एवढ्या थंडीत डोक्याला टोपीसुद्धा नाही."

आमच्याकडे मयताला टोपी न घालता पुरतात. मी हे त्यांना सांगितलं नाही. मी वळलोही नाही. बर्फावर पावलं वाजत होती, सावकाश, एका लयीत, आणि बेटाकडे लांब लांब जात होती. ती ऐकू येईनाशी झाल्यावर जाम झालेली गाडी तिथंच सोडून पाच किलोमीटर चालत आलो. किनाऱ्यावर बाईंनी हातमोजे काढले, फाइल उघडली आणि पेन तळहातांत चोळून गरम केलं.

"चौतीस वर्षं मी पाहण्या करतेय," त्या म्हणाल्या. "दिसतं ते लिहिते. दिसत नाही ते लिहीत नाही." आणि त्यांनी माझ्यासमोर लिहिलं: घरात राहणाऱ्या व्यक्ती, दोन.

आठवड्याभरात निकाल आला. सदर महिला एकटी राहत नसल्यामुळे एकट्यांचा नियम तिला लागू नाही. हमीपत्र रद्द. म्हणजे नोव्हेंबरपासून बर्फावर जीव काढणारा मी, माझी सही बिनकामाची ठरली, आणि जो माणूस हयात नाही त्याचा आधार पुरेसा मानला गेला. हे मला लागलं, खोटं कशाला बोलू. पण खाली एक अट होती. सोबतच्या फॉर्मवर घरातल्या दुसऱ्या व्यक्तीची सही हवी. शुक्रवारपर्यंत फॉर्म आला नाही तर शहरातल्या खोलीचा ताबा घ्यावा लागेल.

त्या गुरुवारनंतर मला पट्ट्या बदलाव्या लागलेल्या नाहीत, आणि तेन्हो त्याचं श्रेय स्वतःच्या बादलीला देतो. पण गुरुवारचं सांगतो.

मी फॉर्म घेऊन बेटावर गेलो. खरं म्हणजे माझी अपेक्षा होती की आत्या स्वतःच काहीतरी गिरवेल आणि मी खिडकीबाहेर बघेन. तिनं तसं काही केलं नाही. तिनं फॉर्म आणि माझं पेन आतल्या खोलीत टेबलावर ठेवलं, बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि माझ्यासमोर बसून कॉफी ओतली. आम्ही दोघं चुलीशी. ती माझ्या डोळ्यांपुढे. बाहेर उजेड निळा होत चालला होता. आत खुर्ची सरकली. मी कप उचललेला होता, तो तसाच हवेत राहिला. मग बराच वेळ काही नाही. मग कागदावर पेन चालल्याचा आवाज, सावकाश, म्हातारा माणूस लिहितो तसा.

"जा, आण आता," आत्या म्हणाली.

मी गेलो. खोलीत कोणी नव्हतं. खुर्ची टेबलापासून मागे ओढलेली होती. सही इव्हारीकाकांची होती. ग्रंथालयाच्या कार्डांवर ती मी कित्येक वर्षं बघत आलो होतो, त्यात माझी चूक होणं शक्य नाही. सहीच्या वर एक रकाना होता, या घरात किती काळ राहण्याचा विचार आहे. तो मी आदल्या दिवशी पाहिलाही नव्हता. तो भरलेला होता.

आत्याला वाचता येत नाही आता, म्हणून मी तिला वाचून दाखवलं. "हिल्या आहे तोवर."

तिनं एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं, घडी करून खाली सोडलं आणि उघड्या दाराकडे तोंड केलं.

"मग बूट काढ की आता," ती म्हणाली. "कधीचा घालून बसलायस."

आतल्या खोलीत एक जड बूट जमिनीवर पडला. थोड्या वेळानं दुसरा पडला.